जुन्या गेमला हवा ताल, वेग नव्हे

देवळाली कॅम्पमधल्या एखाद्या घरात जपून ठेवलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा डॉस या जुन्या प्रणालीवरचा गेम नव्या लॅपटॉपवर अडखळतो किंवा सुरूच होत नाही, तेव्हा ‘लॅपटॉपच कमी पडला’ असं वाटतं. खरं कारण वेगळं आहे. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चाले. त्या काळातले कित्येक गेम वेळ मोजायला प्रोसेसरच्याच वेगावर विसंबत. वेगवान यंत्रावर ते भरधाव सुटत. शिवाय ६४-बिट विंडोज त्यांच्यासारखे १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून २००२ पासून मोफत मिळणारा ‘डॉसबॉक्स’ हा प्रोग्रॅम जुना प्रोसेसर, आवाजाचं साउंड ब्लास्टर कार्ड आणि चित्राचं व्हीजीए ही सगळी यंत्रणा सॉफ्टवेअरमधून उभी करतो.

मग तोही नव्या यंत्रावर का अडखळावा? कारण गेमची प्रत्येक सूचना त्याला आजच्या प्रोसेसरला कळेल अशी करून द्यावी लागते, आणि हे काम मुख्यतः एकाच कोअरवर होतं. आठ कोअर असून फारसा उपयोग नाही. डॉसबॉक्समधल्या जुन्या प्रोसेसरचा वेग ठरवणारा ‘सायकल्स’चा आकडा झेपेल त्यापलीकडे नेला की आवाज तुटू लागतो. ‘मग थेट डॉसच टाकू’ असं कुणी म्हणेल. पण गेमच्या ओळखीचं साउंड कार्ड आजच्या यंत्रात नसतं. राहिला पडदा. व्हीजीएचं ३२० × २०० चित्र सेकंदाला ७० वेळा उमटे, आजचे बरेच पडदे ते ६० वेळा दाखवतात. त्यामुळे हलत्या चित्राला बसणारा हलका झटका सायकल्स वाढवून जात नाही. तेव्हा ३००० सायकल्सपासून सुरुवात करा, कंट्रोल आणि एफ१२ दाबून थोडे थोडे वाढवा, आणि आवाज फाटला की कंट्रोल-एफ११ने लगेच मागे या.