बाणाचे बटण की कंट्रोलचे? टायपिंगमधील हाताच्या फेऱ्यांचा हिशेब

आपल्या कारोबारात आता कलम कमी आणि कीबोर्ड जास्त चालतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर दोन गाळ्यांच्या कापड व्यापाऱ्यालाही बिल, पार्टीचा पंधरा अक्षरी नंबर आणि एचएसएन कोड संगणकावर चढवल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या नंबरात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पार्टी पेमेंट रोखून धरते. म्हणजे टायपिंग जितके महत्त्वाचे, तितकीच टाइप केलेल्या मजकुरात मागे जाऊन केलेली दुरुस्तीही महत्त्वाची. आणि नेमकी तिथेच आमच्या ऑफिसातील पोरे वेळ घालवताना आम्ही रोज पाहतो.

चूक तीस अक्षरे मागे असते. पोरगा डाव्या बाणाचे बटण टकटक करीत तिथवर चालत जातो. बटण दाबून धरले तर कर्सर धावत सुटतो, चुकलेल्या अक्षराच्या पलीकडे जातो, मग पुन्हा उजवा बाण. ही चाल बदलता येते. कंट्रोल दाबून तोच बाण मारला तर कर्सर अक्षराऐवजी शब्दा-शब्दाने सरकतो. होम दाबले की ओळीचा आरंभ, एंड दाबले की ओळीचा शेवट, आणि त्यांना कंट्रोलची जोड दिली की संपूर्ण पत्राचा आरंभ किंवा शेवट. कंट्रोलसह बॅकस्पेस मारले की मागचा पूर्ण शब्द एका दमात जातो.

व्यापारी माणूस हिशेब मागणारच. १९८० साली अमेरिकेत स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अॅलन न्यूएल या तिघांनी हाताच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मांडून दाखवला होता. सरासरी कुशल टायपिस्टला एक बटण दाबायला सुमारे ०.२ सेकंद, हात एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी न्यायला ०.४ सेकंद, माऊसने जागा दाखवायला १.१ सेकंद, आणि 'आता काय करावे' हा विचार करायला १.३५ सेकंद. या दरांनी आम्ही हिशेब मांडला. तीस अक्षरे, म्हणजे समजा पाच शब्द मागे जायचे आहे. नुसत्या बाणाने सहा सेकंद आणि हात नेण्या-आणण्याचे ०.८, एकूण ६.८. कंट्रोल आणि बाण मिळून सहा दाब, म्हणजे १.२ आणि वर तेच ०.८, एकूण दोन सेकंद. माऊसने २.१.

यातून दोन गोष्टी निघतात. माऊस वापरणाऱ्याला हसणाऱ्या पोरांनी जरा थांबावे, कारण एका उडीपुरते माऊस आणि कंट्रोल जवळपास बरोबरीत आहेत. तोट्यात आहे तो एकेक अक्षर चालणारा. दुसरे असे की कंट्रोलची युक्ती आठवावी लागत असेल तर विचाराचे १.३५ सेकंद वर चढतात. सवय झाली की ते गळून पडतात. नव्या शिकाऱ्याला आठवडाभर उलट उशीरच होतो आणि 'जुनेच बरे होते' म्हणून तो सोडून देतो. आणि चूक दोन-तीन अक्षरांवर असेल तर साधा बाणच बरा. तिथे कंट्रोल शिकवण्याचा हट्ट फुकटचा आहे.

फायदा वाढवूनही सांगायला नको. दिवसाला चाळीस दुरुस्त्या धरल्या तर तीनएक मिनिटे वाचतात. यात कोणी मालामाल होणार नाही. परंतु महिनाअखेरीस एका बैठकीत तीनशे दुरुस्त्या असतील तर तीच बचत चोवीस मिनिटांवर जाते. आमच्या बाजारात काही मुले-मुली बिलामागे मजुरी घेऊन एंट्रीचे काम करतात. मीटरमागे मजुरी घेणाऱ्या लूमवाल्याला धोट्यातली कांडी बदलायला लागणारा वेळ जसा स्वतःच्या खिशातून जातो, तशी ही चोवीस मिनिटे त्यांच्या खिशातून जातात. मनगटाला होणारा त्रास वेगळाच.

या बटणांची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये कंट्रोलबरोबर ई, एस, डी आणि एक्स ही चार अक्षरे चार दिशांचे काम करीत. हात जागचा हलत नसे. उलट १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणाची बटणेच नव्हती, लोकांनी माऊस वापरावा म्हणून!

टॅलीचा जन्म तर आपल्याच धंद्याच्या आसपास झाला. गिरण्यांना माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना हिशेबाचे मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते लिहिले. कंपनी १९८६ ची. त्यात एंटर पुढे नेतो, बॅकस्पेस मागे आणतो. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी. नवी पार्टी आली तर एंट्री न सोडता ऑल्ट आणि सी दाबून खाते उघडता येते. मात्र कंट्रोल-ए ने झटपट एंट्री मंजूर करण्याची सवय आम्हाला पसंत नाही. एंटर मारीत गेले की रक्कम आणि तारीख एकदा तरी नजरेखालून जाते.

एक्सेलमध्ये दरपत्रक करणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची: नाव लिहिताना मागे जायला डावा बाण मारला की कर्सर खान्यातच राहत नाही, शेजारच्या खान्यात जातो. त्यावर इलाज एफ-२. ते दाबले की बाण खान्याच्या आतच चालतो. खाली हजार ओळींची यादी असेल तर कंट्रोल आणि खालचा बाण थेट तळाशी नेतो. मध्ये रिकामा खाना असला तर तिथेच थांबतो, म्हणून त्यालाच यादीचा शेवट समजू नये.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. उर्दू पत्रात डावा बाण म्हणजे पुढे. होम मात्र ओळीच्या आरंभी, म्हणजे उजव्या काठावर नेते. खरी गडबड होते ती मजकुरात रक्कम किंवा जीएसटी नंबर आल्यावर. तेवढा तुकडा डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो, आणि त्याच्या हद्दीवर कर्सर भलतीकडे उडी मारतो. पोरांना वाटते कीबोर्ड बिघडला. अशा ओळीत बाणाने चाचपडत बसण्यापेक्षा होम किंवा एंड दाबून काठावरून सुरुवात करावी, अथवा सरळ माऊस घ्यावा.

पुष्कळ लॅपटॉपवर होम आणि एंड ही बटणे एफएन दाबल्याशिवाय चालत नाहीत, आणि बाण इतके बारीक की बोट घसरते. दिवसभर एंट्री करणाऱ्याला बाहेरून जोडायचा मोठा कीबोर्ड घेऊन द्यावा, ज्यावर ही बटणे वेगळी असतात. साधा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो.