जुन्या होडीची नवी जमीन

अमेरिका व कॅनडातील तळ्यांवर मासेमारीसाठी ॲल्युमिनियमच्या लहान होड्या सर्रास वापरल्या जातात. धातूचे अंग अनेक वर्षे टिकते. आतली पाय ठेवायची प्लायवुडची जमीन मात्र आधीच कुजते. ती थोड्या खर्चात कशी बदलावी, हे आम्ही येथे सांगत आहोत.

प्रथम जुनी फळी शक्यतो अखंड काढावी. तीच नव्या फळीचे माप होय. खालचा फोम हाताने दाबून पाहावा. पाणी प्यालेला फोम काढून टाकावा. पण त्या जागी पाणी न शोषणारा नवा फोम घातल्याशिवाय राहू नये. होडीत पाणी भरले तर तोच तिला तरंगती ठेवतो. येथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ!

लाकूड निवडतानाही सावध राहावे. कुजू नये म्हणून तांब्याची रसायने मुरवलेले लाकूड आकर्षक वाटते. परंतु ओलाव्यात ते तांबे ॲल्युमिनियमला खाते व पत्र्यास छिद्रे पडतात. म्हणून जलरोधक गोंदाचे साधे प्लायवुड घ्यावे. कापून, भोके पाडून झाल्यावर दोन्ही बाजूंना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. कडा व भोके विसरू नयेत, कारण पाणी तेथूनच शिरते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि पाणी वाहून जाण्यास कडेला फट ठेवावी.

गालिचा ओल धरतो. त्याऐवजी रंगात बारीक वाळू मिसळून लावल्यास पाय घसरत नाही. खरी बचत येथे होते.