एकदाच, पण संपूर्ण

मानवी पेशीला विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची, म्हणजे आनुवंशिक लेखाची, दुसरी प्रत तयार करावी लागते. हा लेख ४६ गुणसूत्रांत विभागलेला असून त्यात ६०० कोटींहून अधिक अक्षरजोड्या असतात. एका टोकापासून क्रमाने नक्कल करावयाची म्हटल्यास एकेका मोठ्या गुणसूत्रालाच कित्येक आठवडे लागतील. म्हणून पेशी हजारो ठिकाणांहून नक्कल सुरू करते आणि साधारण ८ तासांत काम पूर्ण करते.

परंतु खरी अडचण येथेच उद्भवते. आरंभस्थाने इतकी असताना एखादा भाग दोनदा लिहिला गेला, तर गुणसूत्रे तुटून कर्करोगाचे बीज पेरले जाऊ शकते. एखादा भाग राहून गेला, तरी विभाजनाच्या वेळी गुणसूत्र तुटण्याची भीती असतेच. मग हा हिशेब ठेवतो कोण?

१९७० मध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पोटू राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी वेगवेगळ्या अवस्थांतील मानवी पेशी एकमेकींत मिसळून पाहिल्या. नक्कल चालू असलेल्या पेशीशी जोडताच, नक्कल न झालेल्या केंद्रकाने ठरल्या वेळेआधीच काम सुरू केले. नक्कल पूर्ण झालेले केंद्रक मात्र त्याच वातावरणात स्वस्थ राहिले. आरंभाचा आदेश दोघांनाही मिळत होता; दुसऱ्याकडे परवाना उरलेला नव्हता. पुढे १९८८ मध्ये ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांवरील प्रयोगांतून ही परवान्याची कल्पना मांडली.

हा परवाना म्हणजे काय, हे आता स्पष्ट झाले आहे. नक्कल सुरू होण्यापूर्वीच्या काळात ओआरसी हा प्रथिनसमूह आरंभस्थानी बसतो आणि सीडीसी-६ व सीडीटी-१ यांच्या साहाय्याने डीएनएभोवती एमसीएम प्रथिनांची कड्यांची जोडी चढवतो. ही कडी त्या वेळी निष्क्रिय असतात. नंतर कायनेज वर्गातील विकरे वाढली की ती कडी जागी होतात, डीएनएचे दोन धागे उलगडतात आणि नक्कल सुरू होते. कडी धाग्यावरून पुढे सरकतात व आरंभस्थान रिकामे होते; परवाना वापरला गेला. त्याच वेळी सीडीटी-१ नष्ट केले जाते आणि उरलेसुरले जेमिनिन नावाचे प्रथिन अडवून धरते. विभाजनाच्या अखेरीस जेमिनिन नष्ट होते, तेव्हाच नवे परवाने देणे पुन्हा शक्य होते.

बँकेत कर्ज मंजूर करणारा आणि रक्कम अदा करणारा अधिकारी निरनिराळा असतो. पेशीने वेळाच निरनिराळ्या ठेवल्या आहेत. मंजुरीच्या काळात वाटप नाही आणि वाटपाच्या काळात मंजुरी नाही.

या शिस्तीची एक किंमत आहे. नक्कल चालू असताना नवा परवाना मिळत नाही, म्हणून पेशी आधीच गरजेपेक्षा कितीतरी अधिक कडी चढवून ठेवते. कोठे काम अडले, तर जवळचे राखीव स्थान जागे होते. ही तिची गंगाजळीच होय.

ही यंत्रणा दुर्बल असल्यास काय होते, हे मायर-गॉर्लिन या दुर्मीळ आनुवंशिक विकारात दिसते. ओआरसी, सीडीसी-६ किंवा सीडीटी-१ यांच्या जनुकांत दोष असलेल्या अशा बालकांची उंची फार कमी राहते, कान लहान असतात आणि गुडघ्याची वाटी लहान असते किंवा नसतेच. उलट, अनेक कर्करोगांत सीडीटी-१ प्रमाणाबाहेर आढळते. शरीराची वाढ आणि तिचा संयम हे दोन्ही एकाच लहानशा परवान्यावर अवलंबून आहेत.