निदानानंतरचे दोन आठवडे

निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलाची आई आजारी असली, तरी ती गोष्ट मुलापर्यंत सहसा पोहोचू दिली जात नाही. स्तनाच्या कर्करोगाविषयी तर घरातही बोलले जात नाही. यंत्रमागाच्या या मालेगावात एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून न दुखणारी गाठ महिनोन्महिने अंगावर काढली जाते. पुढे ‘कॅन्सर’ हा शब्द कानी पडला की तेच घर उद्याच शस्त्रक्रिया उरकण्यासाठी धावपळ करते. हा क्रम उलटा आहे. घाई निदानापूर्वी करावी आणि निदानानंतर नियोजनास वेळ द्यावा, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

निदान लवकर होण्यासाठी मोठी यंत्रसामग्रीच लागते असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटातील स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात अशी घट आढळली नाही. तथापि गाठ, स्तनाग्रातून रक्त येणे किंवा त्वचेवर खळगा पडणे अशी लक्षणे दिसताच, वय काहीही असो, डॉक्टरांना दाखवावे.

निदानाच्या पायऱ्या तीन : डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. सुई लावल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. उलट बायोप्सीवाचून गाठ कापून काढल्यास पुढील आखणी अवघड होते. बायोप्सीच्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्या करता येतात व त्यांतून रोगाचा स्वभाव कळतो. पहिल्या दोहोंपैकी एकही पॉझिटिव्ह असल्यास संप्रेरकांचा प्रभाव रोखणाऱ्या गोळ्या निदान पाच वर्षे दिल्या जातात. हर-टू पॉझिटिव्ह असल्यास ट्रास्टुझुमॅबसारखे औषध उपयोगी पडते. काही रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच केमोथेरपी देणे हिताचे असते. म्हणून हे अहवाल हाती येईपर्यंत थांबणे हाही उपचाराचाच भाग होय. सुरुवातीच्या अवस्थेत याकरिता दोन-तीन आठवडे गेल्याने सहसा हानी होत नाही; महिने मात्र दवडू नयेत.

इतिहासाचे अध्यापन करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी स्तनासह छातीचे स्नायू काढण्याची पद्धत रूढ केली व ती अनेक दशके टिकली. पुढे इटलीत वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांवर तुलनात्मक प्रयोग केला. वीस वर्षांनंतरही, संपूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तनाचा भाग काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण सारखेच राहिले. म्हणून ‘स्तन राखता येईल का?’ हे विचारण्यात संकोच नसावा. मात्र त्यासाठी सहसा तीन ते पाच आठवडे किरणोपचार घ्यावे लागतात. बाहेरगावी तेवढे दिवस राहणे शक्य नसेल, तर संपूर्ण स्तन काढण्याचा निर्णयही योग्य ठरू शकतो. निर्णय त्या स्त्रीचा असावा. पुष्कळदा अहवाल पती वा मुलाच्या हाती जातो आणि जिच्या देहाचा प्रश्न, तिलाच सर्वांत शेवटी कळते. हे बदलले पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे; परंतु रुग्णालय योजनेत असावे लागते आणि नियोजित शस्त्रक्रियेस आधी मंजुरी लागते. आधार कार्ड व शिधापत्रिका घेऊन तेथील आरोग्यमित्रास प्रथम भेटावे. रोगाची अवस्था कोणती, उपचारांचा क्रम काय, एकूण काळ व खर्च किती, आणि तरुण स्त्री असल्यास पुढे मूल होण्याबाबत काय, हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना इंग्रजी अहवाल वाचता येतो. वस्तीतील अशा एखाद्या मावशीसोबत त्यांनी रुग्णालयात जावे, अहवाल तिला तिच्या भाषेत समजावून सांगावा आणि तिचे प्रश्न तिच्याच तोंडून विचारले जातील असे पाहावे, ही आमची विनंती आहे.