धारावी: करार कोणाच्या बाजूने?
धारावीच्या पुनर्विकासासाठी २०१९मध्ये सेकलिंक कंपनीने ७,२०० कोटी रुपयांची सर्वोच्च बोली लावली होती. ती निविदा राज्य सरकारने २०२०मध्ये रद्द केली. नव्या निविदेत, बदललेल्या अटींवर, अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वाधिक ठरली. प्रकल्पाच्या कंपनीत समूहाचा वाटा ८० टक्के, सरकारचा २०. निविदा रद्द करण्याला आव्हान देणारी सेकलिंकची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये फेटाळली.

रहिवाशांचा खरा राग मात्र पात्रतेवर आहे, आणि तो समजण्याजोगा आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील झोपडीधारकांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे मोफत घर मिळणार. २००० ते २०११ दरम्यानच्यांना धारावीबाहेर ३०० चौरस फूट, तेही अडीच लाख रुपये भरून. माळ्यावर राहणाऱ्यांनाही बाहेरच जावे लागणार. धारावीतल्या कुंभारवाड्यात घर आणि भट्टी शेजारी-शेजारी असतात. चामड्याच्या आणि भंगाराच्या कामाचेही तसेच. बिऱ्हाड हलले की धंदा मोडतो.

दुसरीकडे, विकासकाला मिळालेली सवलत मोठी आहे: मुंबईतल्या इतर बांधकाम व्यावसायिकांनी हस्तांतरणीय विकास हक्कांपैकी (दुसऱ्या जागी जादा बांधकाम करण्याचे, विकत घेता येणारे हक्क) ४० टक्के आधी याच प्रकल्पाकडून घ्यायचे आहेत.