घरच्या संगणकाची राखण कोणी करावी?

हल्लीं खेड्यांतील सुस्थितींतल्या शेतकऱ्याच्या घरीं संगणक असणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. सातबाराचे उतारे, बँकेचे व्यवहार, पीकविम्याचे अर्ज, सोसायटीचे हिशेब, मुलांचा अभ्यास, हें सर्व त्या एका यंत्रांत सांठविलेलें असतें. ज्या पेटींत एवढा ऐवज ठेवावयाचा, तिला कुलूप लावण्याचें काम कोणाचें, हा प्रश्न मात्र बहुधा नुकसान झाल्यावरच विचारला जातो. त्या वेळीं विकणारा मालकाकडे, मालक बँकेकडे आणि बँक पोलिसांकडे बोट दाखविते. म्हणून या प्रश्नाचा आधींच शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणक ज्या आज्ञांच्या मालिकेवर चालतो तिला प्रणाली म्हणतात. तशाच रीतीनें लिहिलेली, पण मालकाच्या अहिताची, जी प्रणाली तीच लोकांच्या तोंडचा व्हायरस किंवा मालवेअर होय. ती दोन वाटांनीं शिरते. यंत्राच्या मूळ प्रणालींत रचनेचा दोष राहिला असेल, तर त्या भोकांतून ती आपोआप आंत येते. मालकानें कांहींएक केलेलें नसतें. दुसऱ्या वाटेनें मालकच तिला दार उघडून देतो. अनोळखी निरोपासोबत आलेली फाईल तो उघडतो, किंवा फुकट मिळते म्हणून चोरीची प्रणाली बसवितो. या दोन वाटांतील भेद ध्यानांत ठेवला, म्हणजे जबाबदारीची वांटणी पुष्कळ सोपी होते.

पहिल्या वाटेची राखण प्रणाली करणाऱ्या कंपनीनेंच केली पाहिजे. बियाण्याची उगवणशक्ति शेतकऱ्यास पिशवी पाहून कळत नाहीं. म्हणूनच सन १९६६ च्या बियाणें कायद्यानें अधिसूचित वाणांच्या पिशवीवर ती माहिती देण्याचें बंधन विक्रेत्यावर घातलें. संगणकाच्या पोटांतील दोष तर मालकास मुळींच दिसत नाहीं. सन २००३ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्लास्टर नांवाचा किडा विंडोजमधील अशाच एका दोषांतून जगभर पसरला. त्याला अडविणारी भिंत, म्हणजे फायरवॉल, विंडोज एक्सपीमध्यें होती. पण ती बंद ठेवून विकली जात असे. सन २००४ च्या ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्टनें ती आरंभापासून चालू ठेवण्याची व्यवस्था केली. कोट्यवधि मालकांना उपदेश करून जें साधलें नसतें, तें करणाऱ्यानें एक कळ फिरवून साधलें. आतां कायदाहि या दिशेस वळूं लागला आहे. घरगुती कॅमेरे, राउटर इत्यादि उपकरणें सर्वांना एकच परवलीचा शब्द देऊन विकण्यास ब्रिटननें २९ एप्रिल २०२४ पासून मनाई केली आहे.

तथापि करणाऱ्यानें दुरुस्ती दिली, तरी ती बसविण्याचें काम उरतेंच. सन २०१७ चें वॉनाक्राय प्रकरण या बाबतींत बोधप्रद आहे. विंडोजमधील दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं दिली होती. किडा सुटला तो १२ मे रोजीं. मधल्या जवळजवळ दोन महिन्यांत ज्यांनीं दुरुस्ती बसविली नाहीं, त्यांच्या फाईली कुलूपबंद झाल्या व खंडणी मागण्यांत आली. सुमारें १५० देशांत ही बाधा पोंचली. बाधित यंत्रांपैकीं बहुतेक विंडोज ७ चीं होतीं, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध असलेलींच होतीं. पण याच प्रकरणांत सरकारांचाहि वांटा दिसून आला. किड्यानें वापरलेलें हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेलें होतें, असें मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनीं जाहीरपणें सांगितलें. दोष कळूनहि तो गुप्त ठेवणें म्हणजे टोळ पाळण्यासारखेंच आहे.

कोणी म्हणेल, माझें यंत्र बिघडलें तर माझें बिघडेल, इतरांस त्याचें काय? सन २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांतील कापसाचें केलेलें नुकसान वाचक विसरले नसतील. एकानें लोभानें फरदड ठेवली, कीं तींत पोसलेली अळी पुढील हंगामांत शेजाऱ्याच्या पिकावर जाते. संगणकाचेंहि तसेंच आहे. बाधा झालेलें यंत्र मालकास पुष्कळदां ठीक चाललेलें दिसतें, आणि आंतून मात्र तें चोराच्या हुकमानें दुसऱ्यांवर हल्ले करीत असतें. सन २०१६ सालीं मिराई नांवाच्या प्रणालीनें कारखान्याचा मूळ परवलीचा शब्द न बदललेले घरगुती कॅमेरे व राउटर असेच राबविले, आणि २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील अनेक मोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं.

आपल्या देशांत या कामासाठीं सर्ट-इन ही सरकारी संस्था सन २००४ पासून आहे. सन २०१७ च्या फेब्रुवारींत तिच्यामार्फत सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालें. बाधा काढण्याचीं साधनें तेथें विनामूल्य मिळतात. बँकांविषयीं रिझर्व्ह बँकेनें सन २०१७ च्या जुलैमध्यें जो दंडक घातला, त्यांतील न्याय ध्यानांत घेण्याजोगा आहे. चूक बँकेचीहि नाहीं व ग्राहकाचीहि नाहीं, अशा फसवणुकीची खबर कामकाजाच्या तीन दिवसांत दिल्यास ग्राहकावर तोशीस पडूं नये. पण ग्राहकानेंच आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास दिला असेल, तर खबर देईपर्यंतचें नुकसान त्याचें.

हाच न्याय सर्वत्र लावावा असें आम्हांस वाटतें. जी गोष्ट ज्याच्या हातीं, तिची जबाबदारी त्याची. मालकाच्या हातीं असलेल्या गोष्टी थोड्याच आहेत. दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था चालू ठेवावी. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवावी. मुलांना स्वतंत्र खातें द्यावें व त्यास नवी प्रणाली बसविण्याची मुभा ठेवूं नये. राउटरचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. सरकारी योजनेच्या नांवानें मोबाईलवर येणारी ॲपची फाईल कितीहि ओळखीच्या माणसाकडून आली, तरी उघडूं नये. पैसे गेलेच, तर लाज न धरतां लगेच बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें.

आणखी एक गोष्ट आपल्या हातीं आहे, ती म्हणजे खरेदी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला; अशीं जुनीं यंत्रें स्वस्तांत विकावयास येतात. बियाणें घेतांना आपण मुदत पाहून घेतों, त्याचप्रमाणें या यंत्रास दुरुस्त्या किती वर्षें मिळतील हें विक्रेत्यास विचारावें आणि तें पावतीवर लिहून घ्यावें. गिऱ्हाईक विचारूं लागलें, म्हणजे विकणाऱ्यास व करणाऱ्यास उत्तर देणें भाग पडेल.