उणे एकोणीस

वाकडमध्ये भाड्याच्या घरात इंटरनेट घ्यायचं तर पहिला हिशोब स्पीडचा नाही, कराराचा करावा लागतो. घराचा करार ११ महिन्यांचा, आणि भरघोस सवलत मिळते ती वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला. मधेच कस्पटे वस्तीतून काळाखडकला बिऱ्हाड हलवावं लागलं, तर नव्या इमारतीत त्याच कंपनीची वायर आलेली असेलच असं नाही. म्हणून भाचीला मी तिमाही रिचार्जच घ्यायला लावला. ३९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून महिना ४७१ रुपये, स्पीड ३० एमबीपीएस.

जावईबापूंना ३० कमी वाटत होते. पण नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. घरात टीव्ही एक, मोबाईल दोन. ते चाकणला शिफ्टमध्ये, ती हिंजवडीला. दोघं एकदम टीव्हीसमोर बसतात तरी किती? चित्र गोल गोल फिरत राहतं ते पुष्कळदा प्लॅन छोटा म्हणून नव्हे, जोडणी कच्ची राहिली म्हणून.

दोघंही कामावर, म्हणून नेटवाला आला तेव्हा घरी मी होते. पंचविशीच्या आतला मुलगा. त्याने जिन्याजवळच्या डक्टमधून काळी वायर घरापर्यंत ओढली, वरचं आवरण सोललं, आणि आत उरला काचेचा एक तंतू. बाहेरून १२५ मायक्रॉन. त्यातही प्रकाश धावतो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्पिरिटने तो पुसून त्याने क्लीव्हरमध्ये धरला. टक् असा बारीक आवाज झाला आणि टोक सरळ तुटलं. तुटलेला तुकडा त्याने चिकटपट्टीवर चिकटवून ठेवला. "काकू, अनवाणी इकडे येऊ नका. हे पायात गेलं तर दिसतही नाही." मग स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर बसवली. पडद्यावर ती खांबांएवढी जाड दिसत होती. मशीनने ती आपोआप एका रेषेत आणली, ठिणगी पडली आणि काच काचेत वितळली. लॉस ०.०२ डीबी. टोकावर धूळ असती किंवा काप तिरका गेला असता, तर हाच आकडा कितीतरी वाढला असता.

पुढचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि घाईत तेच टाळलं जातं. त्याने पॉवर मीटर लावला: उणे १९ डीबीएम. घरातल्या वायफायच्या डब्याला साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो. त्याखाली गेलं की लाल लाइट लागतो. म्हणजे हाताशी आठ डीबीची शिल्लक राहिली, आणि दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. मी म्हटलं, वायर दाराच्या कोपऱ्यातून काटकोनात वळवून घे, नीटनेटकी दिसेल. त्याने मान हलवली, वायर बोटाभोवती घट्ट वाकवून दाखवली. मीटर उणे २४ वर गेला. सोडल्यावर परत १९. मग त्याने कोपऱ्यात ऐसपैस गोलाई ठेवली आणि त्या आकड्याचा फोटो मला काढायला लावला. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणण्यापेक्षा "१९ होता, आता किती आहे बघा" म्हटलं की माणूस मीटर घेऊन येतो.

डबा दाराशी न ठेवता टीव्हीजवळ आणला. वायर दहा-बारा फूट जास्त लागली, पण २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या सगळ्या वायफायची गर्दी असते, आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीपुढे लवकर दमतो.

टीव्ही जुनाच ठेवला. एचडीएमआय पोर्ट आहे, तेवढं पुरतं. त्यात स्ट्रीमिंग स्टिक खोचली. तिला वीज मात्र टीव्हीच्या यूएसबीतून न देता तिच्या अ‍ॅडॅप्टरमधूनच दिली. यूएसबीतून वीज अपुरी पडली की स्टिक मधेच रीस्टार्ट होते आणि दोष नेटवर जातो. ओटीटी एका वेळी एकच घ्यायचं, दोन महिन्यांनी बदलायचं, असं ठरलं. भाचीच्या सासूबाई यायच्या आहेत. त्यांना सह्याद्री वाहिनी लागते. ती डीडी फ्री डिशवर महिन्याचे पैसे न भरता दिसते. छत्री बसवायची परवानगी सोसायटीकडे मागितली आहे.